वैजनाथचा फोन

वाल्मिकनं तोंडाला उपरणं लावलं, घसा खरवडला आणि मेलेल्या भावाच्या मोबाईलवरून आईला फोन लावला.

वाल्मिकसोबत ऊसतोडीला गेलेला वैजनाथ ट्रॅक्टर उलटून कर्नाटकातच गेला होता. इकडं आईचं, कडूबाईचं, हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टर म्हणाला. भावकीनं ठरवलं, म्हातारीला कळू द्यायचं नाही. वैजनाथची बायको आरती सासूसमोर कुंकू लावून वावरायची आणि गोठ्यात जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची. दहाव्याला सगळे नेवाशाला प्रवरेवर गेले. घरी सांगितलं, लग्नाला चाललोय. संध्याकाळी वऱ्हाड टकलं होऊन परत आलं.

“लग्नात उवा झाल्या का रं?” कडूबाईनं वाल्मिकला विचारलं.

“बालाजीचा नवस हुता.”

“सगळ्यांचाच?”

“व्हय. सामुदायिक.”

तेव्हापासून वाल्मिक रोज गोठ्यामागं जाऊन वैजनाथ व्हायचा. भावाचा तंबाखूनं बसलेला आवाज त्याला इतका जमला होता, की फोन ठेवल्यावरही घशातून जात नसे. एक गोष्ट मात्र त्यानं भावकीपासूनही लपवली होती. ट्रॅक्टर वैजनाथ नव्हे, तो स्वतः चालवत होता.

“जेवलास का?” आई.

“जेवलो.”

“थंडी?”

“लई.”

“वैजनाथ, आता खरं सांग. ट्रॅक्टर कोण चालवीत हुतं?”

“कंचा ट्रॅक्टर?”

“ज्याच्याखाली तू गेलास, तो.”

वाल्मिकनं उपरणं तोंडावर घट्ट दाबलं.

“वाल्मिक रोज झोपंत ब्रेक दाबतोय,” आई म्हणाली. “खाट करकरती.”

फोन कापता आला असता. पण मेलेल्या माणसाला आणखी खोटं बोलायला लावणं त्याला जमेना.

“वाल्मिक,” तो वैजनाथच्या आवाजात म्हणाला. “डोळा लागला त्याचा.”

“तुला राग हाय का त्याचा?”

काहीही सांगता आलं असतं. खोडून काढायला वैजनाथ येणार नव्हता. वाल्मिकनं उपरणं खाली घेतलं.

“मला न्हाई ठावं, आई.” हा आवाज त्याचा स्वतःचा होता.

आईचा हुंदका फोनमधून आला, आणि घराच्या भिंतीपलीकडूनही आला.

“मला बी न्हाई ठावं,” ती म्हणाली. “पर तू आत ये. आन् आरतीला सांग, गोठ्यात नको म्हणावं. घरात रड. मोठ्यानं.”

रोज फोन वाल्मिकच ठेवायचा. आईला कधी ठेववत नसे.

“ठिवते, वैजनाथ,” ती म्हणाली, आणि तिनं ठेवला.