गावकीच्या खोलीतली जागा

"आरं, पेटी कशापायी आनलीस?"

हैबती अजून एसटीतून पुरता उतरलाही नव्हता. एक पाय पायरीवर, डोक्यावर हिरवी पत्र्याची पेटी, आणि समोर त्याचा चुलता येसाजी असा ओरडतोय की बिरवाडीच्या नाक्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी पुढे होऊन पेटीला हात दिला. मी म्हणजे हैबतीचा मेव्हणा, पोलादपूरला मराठी शाळेत गुरुजी. माझी धाकटी बहीण मैना त्याला दिलेली.

"आनली," हैबती हसत म्हणाला. "आता हितंच ऱ्हायचं. मुंबईत कुनासाठी ठेवायची?"

"कपडं आनायचं, भांडी आनायची. पेटी नाय आनायची रे येड्या! फळीवर पेटी असती तर जागा तुझी व्हती."

"जागा घेऊन काय करू काका? कंपनीत लागलोय मी. घरच्या दारात काम मिळालंय."

येसाजीकाका वाडीच्या गावकीचे प्रमुख. त्यांनी कपाळाला हात लावला आणि बाजाराची पिशवी उचलून चालते झाले.

ज्याला आमच्याकडची गावकीची खोली माहीत नाही, त्याला ही आरडाओरड कळायची नाही. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतले पुरुष मुंबईला गेले, पण एकेकटे नाही गेले. वाडीने मिळून डिलाईल रोडच्या चाळीत एक खोली धरून ठेवलेली असते. ती कुणा एकाची नसते. घरटी एका पुरुषाला तिथे अंथरुणापुरती जागा, आणि भिंतीला वर ज्या फळ्या मारलेल्या असतात त्यांवर त्याची पेटी. पेटी फळीवर आहे तोवर माणूस लावणीसाठी महिनोन् महिने गावी बसला तरी जागा त्याची. पेटी उतरवून नेली की समजायचं, याने मुंबई सोडली. मग जागा पुढच्या घराला. नाहीतर मुंबईत भाड्याची खोली घेणं आमच्यातल्या कुणाला झेपणार होतं?

हैबतीने त्या जागेवर जवानी काढली. छापखान्यात मशीनवर होता. मैनाचा संसार म्हणजे गणपतीचे चार दिवस आणि शिमग्याचे चार दिवस, बाकी वर्षभर सासू, म्हैस आणि नाचणी. पुढे सासू गेली. मग सत्त्याण्णव साली महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे हैबतीची वर्णी लागली, तेव्हा ही बाई हटूनच बसली.

"पेटी आना," तिने त्याला निरोप धाडला होता. "पेटी तकडं आसंल तवर माझा अर्धा नवरा फळीवरच हाय."

बायकोने इतक्या वर्षांत मागून मागितलं काय, तर पेटी. आणली बिचाऱ्याने. मीही त्या दिवशी त्यात काही वावगं बघितलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

बिरवाडीत त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सुरुवातीला तर नुसती मज्जा! सेजल तेव्हा दुसरीत होती. ती बापाला दाराआडून बघायची आणि आईला विचारायची, "हे पावनं कवा जानार?" हैबतीची हसून हसून पुरेवाट. आणि नवराबायकोची भांडणं! मी एकदा गेलो तर आमटीतल्या मिठावरून जुंपलेली.

"रोज खारट, रोज खारट! खोलीवर खानावळीन बरी व्हती."

"मंग जावा तिच्याकडं!" मैना म्हणाली, आणि मला चहा द्यायला वळली तर चेहरा फुललेला. "दादा, बघितलास? भांडतंय माझ्याशी. आठ दिवसांच्या रजेत कोन भांडतं सांग. पावन्यासारखं गोड बोलायचं आन जायचं. आता कसं, घर वाटतंय."

बहिणीचं लग्न होऊन सोळा-सतरा वर्षं झाली होती आणि तिला घर आत्ता वाटत होतं.

सुनीलचंही बरं चाललं होतं. वाडीत शाळा चौथीपर्यंत, पुढे पायपीट. इथे त्याला महाडचं हायस्कूल मिळालं. दहावीला गणितात असे मार्क आणले की मी शाळेत पेढे वाटले. हैबती शेजाऱ्यांना सांगत सुटला, "पोरगा कॉलेजात जातोय." स्वतः सहावी नापास गडी!

पण सगळंच गोड होतं असं नाही. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांचा वास घरात शिरायचा, सेजल रात्रभर खोकायची. मोठा डॉक्टर गाठायचा तर मुंबईच. आणि हैबतीला करमायचं नाही. चाळीत वाडीची माणसं होती, रविवारचं भजन होतं, मटणाचा टोप होता. बिरवाडीत शेजारी कोण कुठला, कोण कुठला. शिमग्याला तर मला त्याच्याकडे बघवेना. मुंबईकर वाडीत उतरले की त्यांना हार, पालखीला पहिला खांदा त्यांचा. हैबती आता मुंबईकरांत नाही. कुणी मुद्दाम डावललं नाही, पण पालखी उचलताना त्याच्या खांद्याखाली जागाच झाली नाही. तो मागे झाला आणि लोकांना पाणी देत फिरला.

"दाजी, मुंबई आठवते काय?" मी चेष्टेने विचारलं.

"आठवती ना. हितं बायकापोरं हायत, तकडं दोस्त व्हतं. दोनी एका जागी कुनाला मिळालंय गुरुजी?"

तिसऱ्या वर्षी, दिवाळी नुकतीच झालेली, कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. आधी म्हणाले दुरुस्ती आहे, पुढच्या आठवड्यात या. मग म्हणाले महिनाभराने बघू. ठेकेदार भेटेनासा झाला. हैबती रोज डबा घेऊन वसाहतीतल्या एकेका फाटकावर उभा राहायचा. रखवालदार वय विचारायचे आणि हात हलवायचे. ठेकेदारांना पंचविशीची पोरं हवी होती, हा पंचेचाळिशीचा. त्याने मुंबईच्या छापखान्यात फोन केला. तिथे आता संगणक आले होते. मालकाने तब्येत विचारली, मुलांचं विचारलं आणि फोन ठेवला.

बिरवाडीच्या खोल्या सोडून सगळे वाडीत परतले. म्हैस विकलेली, जमीन डोंगराच्या उतारावरची, पोटापुरतंही पिकत नाही. सुनील तेवढा महाडला मित्राच्या खोलीवर राहून अकरावी करत होता.

गावकीची बैठक शिमग्याच्या आदल्या दिवशी देवळात बसते. त्या वर्षी मी मुद्दाम गेलो. हैबती उभा राहिला, टोपी सारखी केली.

"मला जागा परत पायजे," एवढंच म्हणाला.

कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. तसं कुणी बोललं असतं तर मला भांडता तरी आलं असतं! येसाजीकाका खाली बघतच बोलले.

"तुझी जागा गेली रे. तुझ्यामागं जानकीबायच्या पोराला दिली. त्याचा बा मेलेला. आता त्याची पेटी उतरवू काय? तूच सांग."

"नको," हैबती म्हणाला.

"औंदा एक म्हातारा घरी आलाय, त्याची जागा खाली झाली. ती तुझ्या घराला देऊ. देऊ ना रे सगळ्यांनी?"

सगळ्यांनी माना हलवल्या. हैबतीचा चेहरा असा उजळला की मीही सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात खोलीचा सेक्रेटरी बोलला. तो पक्का मुंबईकर, पण मनाने वाईट नाही.

"हैबतीकाका, जागा घेशील, पन कामाचं काय? एज बघतात रे आता. आपल्या खोलीतली चार पोरं कुरिअरमधी हायत. सायब बोलतो अजून एक आन, पन विशीच्या आतला, दहावी पास. तुला नाय चान्स. सुनीलला धाड. शिमगा झाला की माझ्यासंगं येऊ दे, पोचल्या पोचल्या कामाला लावतो."

"तो शिकतोय!" मी ओरडलो. "अकरावीत आहे तो! परीक्षा तोंडावर आली आहे!"

"गुरुजी, तिकडं नाईट कॉलेज असतं," कुणीतरी म्हणालं. नाईट कॉलेजात किती जण जातात आणि किती जण बाहेर पडतात हे देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बाहेर येऊन मी हैबतीचा हात धरला. "दाजी, सुनील माझ्याकडे पोलादपूरला राहील. मी शिकवतो त्याला. माझी तीन पोरं जेवतात, चौथा जेवेल."

"तो जेवंल," हैबती म्हणाला. "मैना आन सेजल? वैनी किती दिस घालतील? मला काम नाय, गुरुजी. काम असतं तर पोराला हात लावू दिला असता व्हय मी?"

जन्मभर पोरांना शिका शिका म्हणून सांगत आलो, आणि सख्ख्या भाच्यालाच थांबवू शकत नव्हतो.

मैनाने मात्र घर डोक्यावर घेतलं. "माझा नवरा नेलात, सतरा वरसं नेलात! आता पोरगा? नाय जायचं! उपाशी मरू, पन नाय जायचं!" मग भिंतीला टेकून बसली आणि स्वतःलाच बोलायला लागली. "मीच म्हनलं पेटी आना. माझीच मेलीची हौस." सुनील तिच्याजवळ बसला. "आये, मी जातो गो. सुट्टीत येईन की," एवढंच म्हणाला. पोरगं शहाणं, हेच वाईट.

शिमगा झाला. सेक्रेटरीची गाडी दुपारची होती. मी सुनीलला निरोप द्यायला सकाळीच वाडीत पोचलो, तर ओटीवरची बाकं, टोपल्या बाजूला सारलेल्या आणि हैबती हाताने जमीन मोजतोय. भिंतीपासून तीन वीत धरून त्याने खडूने रेघ ओढली.

"झोप," तो सुनीलला म्हणाला.

सुनील उताणा आडवा झाला. त्याचं कोपर रेघेबाहेर गेलं.

"उतानं नाय. कुशीवर. त्वांड भिंतीकडं. गुडघं घे पोटात. हां, आनखी. हात मांडीत धर, नायतर मागच्याला लागतो. रातच्याला कूस बदलायची नाय, बदलायची तर आधी उठून बसायचं."

सेजलला आधी हसू आलं, मग ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. सुनील बापापेक्षा वीतभर उंच. पाय कितीही ओढले तरी पावलं बाहेर येत होती. हैबतीने ती दोन्ही हातांनी धरून आत सारली. मग चप्पल काढून तो स्वतः त्याच्या पाठीला पाठ लावून आडवा झाला.

"बाजूचा मानूस मी समज. बघ, जमतंय का."

"जमतंय," सुनील भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"दम लागतोय?"

"थोडा."

"लागतो पयल्या पयल्यांदा. हलू नको."

मैना विहिरीवरून आली, डोक्यावर भरलेला हंडा, कमरेवर कळशी. दारापर्यंतची सगळी ओटी दोघांनी अडवलेली. उठा म्हणाली असती तर उठले असते. हंडा तसाच डोक्यावर घेऊन ती अंगणात उभी राहिली, आणि ते दोघं उठेपर्यंत हलली नाही.