लग्न कुणाचं?

…चार्जिंगच्या भोकात तांदळाचा एक दाणा अडकलेला, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि रेणुका सेफ्टीपिनेच्या टोकानं तो हलकेच उचकटू बघत होती — मोडता कामा नये, मोडला की आत जातो, आत गेला की मग… फोन आप्पांचा, तिच्या वडलांचा. आठवडाभर तांदळाच्या डब्यात पुरलेला. भिजला मात्र नव्हता. हौसाकाकीनं सांगितलेलं की पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवला की तांदूळ पाणी ओढून घेतो, तसं ह्याच्या आत जे काही शिरलंय तेही ओढून घेईल. आणि घरात मुलगी कॉम्प्युटर शिकवते हे विसरून आप्पांनी शेजारणीचं ऐकलं. विसरून? की चांगलं लक्षात ठेवून?

दाणा निघाला. अख्खा.

"बाय," ओटीवरून आप्पांचा आवाज आला. "त्यात दिसतं काय गो, कोणी कोणाला काय धाडलान ता?"

"अजून चालूच केला नाही."

"मग नको करूस. इहिरीत टाक."

"विहिरीचं पाणी आपण पितो, आप्पा."

"मग भाट्याच्या खाडीत. तुझी येष्टी तिथूनच जाते ना?"

ती हसली. आप्पा हसले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसले होते, समोर मोहोरलेलं आंब्याचं कलम असताना भिंतीकडे — गेला आठवडाभर असंच.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. मांडीवर पर्स, पर्समध्ये फोन, सिमकार्ड काढून वेगळं पुडीत बांधलेलं. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती, कारण ते पान आज लिहायचं होतं, आजच — उद्यावर ढकललेलं पान लिहिलं जात नाही हे तिला ठाऊक होतं.

*कोकणातल्या एका गावात एका ज्येष्ठ गृहस्थांच्या फोनमधून, त्यांच्या नकळत, आपोआप —*

'आतली कडी' हे नाव तिनंच ठेवलेलं. इंटरनेटवरची एक जागा, कुणीही यावं आणि मराठीत लिहावं की आपला फोन, आपला कॉम्प्युटर, आपलं खातं कसं फोडलं गेलं. आंजर्ल्याच्या एका लॉजवाल्यानं लिहिलं होतं की त्याच्या लॉजच्या नावाचं खोटं पान बनवून कुणी गिऱ्हाइकांकडून बुकिंग घेत होतं. राजापूरच्या काजूवाल्यानं लिहिलं, एका नर्सबाईंनी लिहिलं, सुरुवातीला चाचरत, मग एकेकाची भीड चेपत गेली. हॅकिंग कसं करतात ते शिकल्याशिवाय ते अडवता येत नाही, आणि ते शिकायचं तर ज्याच्या घरात चोर शिरला त्यानंच सांगायला हवं की कुठलं दार उघडं होतं. नाव द्यायचं नाही. पण कसं घडलं ते लपवायचं नाही. हा नियमही तिचाच. किती ऐटीत केला होता मी हा नियम, दुसऱ्यांसाठी…

आप्पांच्या फोनवरून गावात 'पत्रिका' नावाची एक फाईल गेली. घरोघरी लोकांनी ती उघडली, फाईलनं मागितल्या त्या सगळ्या परवानग्या दिल्या, कारण पत्रिका परत कशी पाठवणार? आत काहीच नव्हतं. ना गणपती, ना मुहूर्त. आणि मग बँकेतून येणारे निरोप भलतीकडेच जाऊ लागले, हौसाकाकीची पेन्शन खात्यात आली आणि गेली, महिपतच्या फोनवरून त्याच्या मुंबईच्या साहेबाला घाणेरडे फोटो गेले. आणि एवढं होऊन आप्पांना कुणी एक शब्द बोललं नाही. "आप्पांचा फोन बिघाडला," सगळा गाव एकाच सुरात म्हणाला. "मशिनीच ती. त्यात आप्पा काय करणार?"

आणि आप्पा म्हणाले, ह्या शिमग्याला गाऱ्हाणं मी घालणार नाही.

हे तिला कळेना. फोनचा दोष, मग गाऱ्हाणं का सोडायचं? देवीच्या पालखीसमोर उभं राहून सबंध गावाच्या वतीनं मागणं मागायचं, आणि दर वाक्यामागून गावानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं — हा त्यांच्या घराचा मान. लहानपणी तिला वाटायचं, आप्पांच्या तोंडून वाक्य निघतं ते खरं म्हणजे त्या 'व्हय'ला बोलवायलाच निघतं…

पूल आला. खाली ओहोटी, होड्या चिखलात कलंडलेल्या. हात पर्सच्या चेनवर गेला होता का? गेला होता. पूल संपला.

मधल्या सुट्टीत क्लासची खोली रिकामी झाली. तिनं फोन चालू केला, नेटवर्क बंद ठेवूनच, आणि कानाला हेडफोन लावले, कारण त्या प्रत्येक 'पत्रिके'खाली एकेक आवाजी निरोप होता. फाईल स्वतःला पाठवू शकते; हे ती मुलांना शिकवते. पण फाईलला आवाज नसतो.

"हौसावयनी, पत्रिका धाडलंय हां. देवीच्या कृपेनं कार्य हाय. पोरांना घेवन अगत्यानं यायचं."

आप्पांचा आवाज. गाऱ्हाण्याचा नव्हे, पण त्याच्या शेजारचा — ताठ, जरा वरच्या पट्टीतला, नवीन धोतर नेसलेला आवाज.

"महिपत, पहिल्या पंगतीचा मान तुझ्या बापाशीचा. तू चुकव नको."

पुढचा. त्याच्या पुढचा. गुरवांचं घर, मग पिंपळाखालची घरं, मग टेपावरची, टेकाडावरची, आणि टेपावरच्या दुसऱ्या घराशी तिला जाणवलं की आता कुणाचं नाव येणार हे आपल्याला आधीच कळतंय — पालखीची वाट होती ती. शिमग्यात पालखी ज्या क्रमानं घरं घेते त्याच क्रमानं, एकही घर न गाळता, आप्पा घरात खुर्चीवर बसून, बोटानं, गावभर फिरले होते. गावातलं कुठलंही लग्न असो, पत्रिका आधी देवीला, मग आप्पांना, आणि मग आप्पांच्या हातून गावाला, ती रीतच. गावच्या मुंबईतल्या मंडळातल्या कुणाच्या तरी फोनवरून ही फाईल त्यांच्याकडे आली, त्यांनी उघडली, आत काही दिसलं नाही — आपल्याला दिसत नसेल, चष्मा, वय, जुना फोन — आणि 'लग्न कुणाचं?' असं विचारायची त्यांना लाज वाटली. आप्पांना ठाऊक नाही म्हणजे काय! आणि गावालाही विचारायची लाज वाटली. आप्पांनी धाडली म्हणजे असेलच कुणाचं तरी.

आणि सगळ्यांनी हे आवाज ऐकलेत. सगळ्यांना माहीत आहे. मशिनीनं केलं, मशिनीनं केलं… हौसाकाकीनं तांदूळसुद्धा म्हणूनच सुचवले असतील, फोन भिजलाय, आजारी आहे, बिचारा. फक्त मलाच माहीत नव्हतं, कारण घरातल्या माणसाला पत्रिका कोण देतं?

*त्यांच्या नकळत, आपोआप* — तिनं हे शब्द खोडले. पुन्हा लिहिले. खोडले.

अमरदीपचा फोन आला. गावच्या बौद्धवाडीतला, तिच्याबरोबर पॉलिटेक्निकला होता, आता नवी मुंबईत एका कंपनीसाठी असलेच दरोडे हुडकतो. 'आतली कडी'चा अर्धा भार त्याच्यावर.

"मिळाली का फाईल? पुसू नकोस हां काही. उलटून बघतो, कुठे निरोप पाठवते ती."

"मिळाली. अमर, हातानं पाठवलीय. आप्पांनी."

"मला वाटलंच होतं."

"कसं?"

"आमच्या वाडीत एकाही फोनला काही झालं नाही. आपोआप पसरली असती तर माझ्या बापाचा नंबर आहे की आप्पांकडे, ग्रामपंचायतीत होते ना दोघं! तो सुटला कसा?" आणि मग तो मोठ्यानं हसला, खरंच हसला. "आम्हाला पत्रिका येत नाही, बाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फायदा झाला."

तिला हसता आलं नाही. पालखी पऱ्यापर्यंत, त्या ओढ्यापर्यंत येते आणि वळते. पऱ्यापलीकडे त्याची वाडी. लहानपणापासून पाहिलेली वाट; पालखी वळते तिथे ढोल जोरात वाजतात एवढंच तिनं आजवर लक्षात ठेवलं होतं…

"लिही किंवा नको लिहू," तो म्हणाला. "वडील तुझे आहेत."

"तुझ्या वाडीचं लिहू?"

"ते न लिहिता कसं सांगशील, कशी पसरली ते?" आवाज आता हसरा नव्हता. "फक्त माझ्या बापाला हुशार ठरवू नकोस. त्याला आली असती ना, त्यानं पहिल्यांदा उघडली असती. आनंदानं."

परतीच्या एसटीत ऊन तोंडावर होतं. पूल आला, भरती लागली होती, आणि ह्या वेळी तिनं पर्स मुद्दाम दोन्ही हातांत धरली. लिहायचंच. पण मग गाव? गाव आठवडाभर एका म्हाताऱ्यासाठी खोटं बोललं, इतक्या मायेनं, आपापसात न ठरवता. ते मी मोडू? आणि नाही मोडलं तर ह्याच मोसमात दुसऱ्या गावातले दुसरे आप्पा खुर्चीत बसून, ताठ आवाजात… तिकडेही असेल पालखीची वाट. इतकी नीट आखलेली, की चोराला फक्त पहिलं घर शोधायचं.

आप्पा ओटीवर होते. तिनं फोन त्यांच्यासमोर ठेवला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"सगळा?"

"हौसाकाकीपासून टेपावरपर्यंत."

त्यांनी मान हलवली, जणू तिनं क्रम बरोबर सांगितला. "शिव्या घातल्यान असत्या ना गावानं, तर बरा झाला असता. कोण काय बोलत नाय. मी समोर उभा ऱ्हायलो की सगळे फोनला नाव ठेवतात. त्यांच्यापुढं गाऱ्हाणं कसा घालू मी? ते 'व्हय' म्हणतील गो. त्याचाच भ्या वाटतंय."

ती पायरीवर बसली. "मी लिहिणार आहे, आप्पा. नाव नाही घालणार."

"नावाशिवाय वळखतील."

"ओळखतील."

ती खोटं बोलली नाही ह्याचं तिलाच नवल वाटलं. आप्पा आता कलमाकडे बघत होते — भिंतीकडे नाही, कलमाकडे.

"पऱ्यापलीकडचा पन लिवणार?"

"हो."

"त्येंना धाडायचा माझ्या डोक्यातच नाय आला," ते सावकाश म्हणाले. "नको असा नाय म्हटला मी. डोक्यातच नाय आला." आणि पुढे काही तरी बोलायचं होतं त्यांना, पण ते वाक्य त्यांच्याकडे तयार नव्हतं. गाऱ्हाण्यात ते नव्हतं कधी.

तिनं आपला फोन उघडला. पान कोरं होतं, खोडलेलं सगळं पुसून टाकलेलं. पहिलं वाक्य तिनं लिहिलं, आणि मग, का कोण जाणे, ते मोठ्यानं वाचलं, अंगणाकडे तोंड करून, आवाज नकळत जरा ताठ झाला:

"आमच्या गावात एक पत्रिका आली आणि लग्न कुणाचं, हे कुणीच विचारलं नाही."

ती थांबली. वाक्य संपल्यावर जिथे तो 'व्हय'चा आवाज यायचा, लहानपणापासून यायचा, तिथे आता नुसती जागा होती. हौसाकाकीच्या पडवीतला दिवा लागला. काकीला ऐकू गेलं असेल, नसेल. रेणुकानं त्या जागेकडे लक्ष दिलं, तेव्हा तिला कळलं की ती वाट बघत नाहीये — आणि तिनं दुसरं वाक्य लिहायला घेतलं…