चौकटीचा रंग

घड्याळजीला नीटनेटकेपणाचं वेड होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस. घरी आला तरी नजर तीच. त्याने घेतलेलं जुनं घर तसं ऐसपैस होतं, पण आधीच्या लोकांनी दारांच्या चौकटींवर आणि खिडक्यांच्या लाकडी पट्ट्यांवर थरावर थर रंग चोपडून ठेवला होता. हिरव्यावर पिवळा, पिवळ्यावर पांढरा. कोरलेली फुलं सुजल्यासारखी दिसत.

"आतलं लाकूड दिसलं तर काय छान वाटेल, नाही?" बायको एकदा सहज म्हणाली. झालं, याने मनावर घेतलं.

तो खरवडणी आणि पॉलिशपेपर आणायला गेला, तेव्हा दुकानातल्या बाकड्यावर एक म्हातारा रंगारी बसला होता. त्याने विचारलं, "घर किती जुनं?"

"असेल सत्तर-ऐंशी वर्षांचं."

"मग तळाचे थर शिशाचे असणार. विष असतं ते. कोरडं घासू नका. पाणी मारत मारत काढा, आणि घरात लेकरू असेल तर तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा. नाहीतर मला बोलवा, मी करून देतो."

त्या शेवटच्या वाक्याने घात केला. म्हातारा गिऱ्हाईक गाठतोय असं वाटून घड्याळजी गालातल्या गालात हसला आणि पिशवी उचलून निघाला.

तरी पहिल्या दिवशी त्याने पाणी मारून पाहिलं. नुसता चिखल झाला, कागद फाटला, अर्ध्या तासात वीतभर पट्टीसुद्धा निघाली नाही. मग त्याने कोरडंच घासायला घेतलं. काम कसं झरझर सरकायला लागलं. दर रविवारी एक चौकट. पिठासारखी बारीक धूळ जमिनीवर, गादीवर, भांड्यांवर बसायची. "गिरणीतून आलात की काय?" असं म्हणत बायको त्याचे केस झटकायची. त्यांची दोन वर्षांची लेक गुंडी त्या धुळीत बोटाने रेघा मारायची आणि तेच बोट तोंडात घालायची.

गुंडीला तेव्हा तीसेक शब्द येत होते. आल्यागेल्याला तिची आई ते कौतुकाने म्हणून दाखवायला लावायची.

तिसऱ्या महिन्यात गुंडीचं पोट दुखायला लागलं. जेवण सुटलं, चेहरा पांढराफटक पडला. एका डॉक्टरने जंत म्हटलं, दुसऱ्याने दात. हळूहळू एकेक शब्द गळत गेला. पाणी हवं असलं की ती नुसतं माठाकडे बोट दाखवायची. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि विचारलं, "घरात रंगकाम काढलंय का?"

रक्ताचा अहवाल यायच्या आधीच घड्याळजीला कळून चुकलं होतं.

गुंडीला भरती केलं. बायको खाटेशेजारी बसून एकच घोकत होती. "माझ्यामुळे झालं. मीच म्हणाले ना, लाकूड दिसू दे. माझीच जीभ झडो."

"तुला काय माहीत होतं?" तो म्हणायचा. एवढंच. अकरा दिवस त्याने तिला स्वतःला बोल लावू दिला. म्हाताऱ्याचं बोलणं तिला सांगायचा धीर होत नव्हता.

बाराव्या दिवशी ती भिंतीवर कपाळ आपटायला लागली, तेव्हा त्याने तिचे खांदे धरले आणि सगळं सांगून टाकलं. दुकान, बाकडं, म्हातारा, त्याचा शब्द न् शब्द.

ती ओरडली नाही.

"हे तो कधी म्हणाला?"

"कागद आणला त्या दिवशी."

"म्हणजे घासायच्या आधी."

"हो."

तिने त्याचे हात खांद्यावरून काढले आणि गुंडीची चादर सारखी केली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. औषध आणा. हिला धरा. संपलं.

रक्तातलं शिसं उतरलं. जे मेंदूपर्यंत गेलं, त्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी कसलीच खात्री दिली नाही. ते घर त्यांनी सोडलं आणि बायकोच्या भावाच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या. गुंडी आता पाचची आहे. सगळे मिळून नऊ शब्द, तेही अर्धवट. आठवड्यातून दोनदा तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेतात. आई तिच्याबरोबर आत जाते, घड्याळजी बाहेर बाकावर बसून राहतो.

परवा दार उघडून बायको एकटीच बाहेर आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि पदराने तोंड पुसलं.

"आज तुम्ही जा आत," ती म्हणाली. "तिची धडपड मला नाही बघवत."

तो उठला, चपला काढल्या आणि आत जाऊन गुंडीशेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसला. शिकवणाऱ्या बाईंनी चेंडूचं चित्र वर धरलं. गुंडी त्याच्याकडे बघत होती.