संस्थापकांचे बूट

आमच्या रमच्या कारखान्यात मळी आंबवायच्या खोलीला चाळीस वर्षं झाडू लागला नव्हता, आणि रम उत्तम होत होती. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे नव्या मॅनेजरच्या, म्हणजे पिनॉकसाहेबांच्या, ध्यानात आलं नाही, कारण ते कॅनडात शिकून आले होते.

जमैकात उतरल्या उतरल्या त्यांनी पर्यटक जहाजांतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी कारखान्याची सहल काढली आणि माहिती सांगायला मला नेमलं. मग ते खोली बघायला आले. भिंतींवर काळी बुरशी, वाशांना कोळिष्टकं, आणि मधोमध ओबीकाका लाकडी पिंपातली मळी ढवळत उभे.

"ही काय घाण?"

"तीच तर काम करते, साहेब. मी नुसता ढवळतो."

साहेबांना हे उद्धट वाटलं. आठ दिवसांत भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या, पिंपं घासून निघाली, आणि कोळिष्टकांबरोबर काकाही बाहेर गेले. पेन्शनला दोनच वर्षं उरली होती. मला फार वाईट वाटलं, पण मी तोंड उघडलं नाही. नवीन नोकरी होती माझी.

पहिली सहल आली तेव्हा पिंपातली मळी ढिम्म. ना बुडबुडा, ना वास.

"इथे नक्की काय चाललंय?" एका बाईंनी विचारलं.

"विश्रांती," मी म्हणाले.

साहेबांनी पुडीतलं यीस्ट घातलं. मळी आंबली, रमही झाली. मालकीणबाईंनी एक घोट घेतला आणि उरलेली खिडकीबाहेर ओतली. आता साहेबांचीच नोकरी हलायला लागली, तेव्हा ते मला घेऊन काकांच्या घरी डोंगर चढले.

काकांची बायको आयसिल्डामावशी अंगणात नीरफणस भाजत होत्या. "का हो, भिंती चाटून झाल्या?"

"मावशी, ती जुनी... म्हणजे ते जे होतं, ते थोडंसं कुठे उरलं असेल का?"

"माझ्या घरात? घाण?" मावशींनी चिमटा उगारला. "चाळीस वर्षं या माणसाला बूट घालून उंबरा ओलांडू दिला नाही मी! पडलेत तिकडे खुराड्यामागे."

साहेब धावले. पण काका आधी पोचले. त्यांनी ते गमबूट छातीशी धरले. जुन्या मळीचं बोटभर जाड कवच होतं त्यांच्यावर.

"बूट हवेत ना? मग पायांसकट न्या."

साहेबांनी मान डोलावली. गाडीत पुढच्या सीटवर बूट बसले, मी आणि काका मागे.

काकांनी कवच खरवडून बादलीभर कोमट मळीत टाकलं, आईने विरजण लावावं तसं. दुसऱ्या दिवशी बादली फसफसली, आठवड्यात पिंपं. लहानपणापासून ज्या वासाला मी शिव्या घातल्या, तो परत आला तेव्हा मला रडू फुटलं. काका महिनाभर पांढऱ्या भिंतींवर मळी शिंपडत होते आणि साहेब दाराशी उभं राहून "अजून थोडी तिकडे" म्हणत होते.

बूट मात्र परत मिळाले नाहीत. ते काचेच्या पेटीत गेले. खाली पाटी: संस्थापकांचे बूट, १७९०.

"साहेब, रबराचे आहेत हो ते!"

"लोक इतकं बघत नाहीत, मार्व्हा."

नवे बूट मागवतो म्हणाले होते, ते अजून येताहेत. काका अनवाणीच ढवळतात. मी त्यांना विचारलं, "काका, मी सांगू का खरं लोकांना?" ते म्हणाले, "दोन वर्षं सांगू नकोस."

म्हणून मी रोज संस्थापकांची गोष्ट सांगते, आणि माझी मलाच लाज वाटते. परवा एका म्हाताऱ्या पाहुण्याने पेटीसमोर टोपी काढली, घटकाभर मान खाली घालून उभा राहिला. मग त्याचं लक्ष पिंपाकडे गेलं.

"आणि हे कोण?"

मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे.

काकांनी ढवळणं थांबवलं नाही.

"पाय," ते म्हणाले.