बंबाच्या ठाण्यातली सभा

"दार उघडा, मिस्टर क्रँडल. सभेची वेळ झाली."

हॉलिस टेटनं पुन्हा दार वाजवलं. साठी उलटलेला हा माणूस गावातल्या काळ्यांच्या वस्तीत न्हाव्याचं दुकान चालवायचा. त्याच्या मागे लुटिशा बँकस्टन उभी होती, डोक्यावर रविवारची निळी हॅट. मागे चर्चमधली काही माणसं, घामानं भिजलेली. रस्त्यापलीकडे तिचा नवरा ओडेल ट्रकचं इंजिन चालू ठेवून बसला होता. तो उतरणार नव्हता. "सोडायला येतो, लुटी," सकाळीच त्यानं बजावलं होतं, "मरायला येत नाही."

एकोणीसशे चौसष्टचा जून. अमेरिकेतल्या इतर काही राज्यांत लोक चिठ्ठ्या टाकून सांगत, आपल्या पक्षानं राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणाला उभं करावं ते. मिसिसिपीत चिठ्ठी नव्हती. गावोगावच्या सभेत प्रतिनिधी निवडायचे, ते जिल्ह्याच्या सभेला जायचे, तिथून निवडलेले राज्याच्या, आणि अखेरीस मोजके लोक देशाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवायचे. सगळ्याची सुरुवात अशा एखाद्या खोलीत. या गावात ती खोली आगीच्या बंबाच्या ठाण्यात होती, आणि तिथे आजवर काळं माणूस फक्त फरशी पुसायला गेलं होतं.

कडी निघाली. सभेचा अध्यक्ष क्रँडल दारात उभा राहिला. त्याचे शर्ट लुटिशा लाँड्रीत वर्षानुवर्षं इस्त्री करत आली होती. तिचं आडनाव मात्र त्याला आजही सांगता आलं नसतं.

"काय गं लुटिशा? वाट चुकलीस? लाँड्री तिकडे."

"सभेला आलेय, साहेब. मतदारयादीत नाव आहे माझं. ब्रदर टेटचंही आहे." चर्चमध्ये हॉलिसला सगळे ब्रदर म्हणत.

"अस्सं?" तो बाजूला झाला. "मग या की. तुम्ही दोघंच. बाकीच्यांनी उन्हात उभं राहायचं."

दोघं आत गेली आणि मागे कडी पडली.

आत वीसेक गोरे बसले होते. क्रँडलनं एका दमात तीन नावं वाचली, कोणाचा विरोध नाही असं स्वतःच सांगितलं आणि सभा संपली म्हणायला तोंड उघडलं.

"मी हॉलिस टेट यांचं नाव सुचवते," लुटिशा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

कोणी हसलं नाही. गॅरेजवाला डॉयल सावकाश उठला. भिंतीवर बंबाचा पाइप गुंडाळलेला होता, त्याचं जड पितळी तोंड त्यानं पिरगाळून काढलं.

"अध्यक्ष महाराज," हॉलिस म्हणाला, "नियमाप्रमाणे आता..."

"नियम शिकवतोस, पोरा?" डॉयल म्हणाला.

पहिला घाव कानामागे बसला. वाळकी फळी मोडावी तसा आवाज झाला. हॉलिस गुडघ्यांवर आला, तरी एक हात वर धरून तो काहीतरी बोलतच होता. दुसरा घाव त्या हातावर, तिसरा पुन्हा डोक्यात. लुटिशानं त्याच्या अंगावर उडी घेतली. कोणाचा तरी बूट तिच्या तोंडावर आला आणि दात जिभेवर गळले. तिनं समोरचं मनगट पकडून चावलं. दातांना हाड लागेपर्यंत सोडलं नाही. डॉयल गुरासारखा ओरडला. मग खुर्च्या पडल्या, लाथा पडल्या, आणि सगळ्यांच्या वरून क्रँडलचा आवाज आला, "फरशीवर नको रे. बाहेर न्या त्यांना."

दोघांना पायऱ्यांवरून खाली फेकलं.

ओडेल ट्रकमधून उतरून धावत आला. हातात चाकाचा लोखंडी पाना होता. डॉयल दारात आला होता, त्याच्या मागे दोघांच्या हातांत बंदुका.

"खाली ठेव तो," लुटिशा म्हणाली. ती गवतात बसली होती, हॉलिसचं डोकं मांडीवर. "सभा व्हायचीय अजून."

"कसली सभा? तोंड बघ तुझं!"

"ब्रदर टेटचं नाव सुचवलंय मी. अनुमोदन कोण देतंय?"

चर्चच्या माणसांतले काही निघून गेले होते. उरलेले जमिनीकडे पाहत होते. ओडेलनं दाराकडे पाहिलं. आपण पाना उगारायचीच डॉयल वाट बघतोय, हे त्याला कळलं. त्यानं पाना गवतात टाकला.

"मी देतो."

"तुझं नाव कुठेय मतदारयादीत?" मागून कोणीतरी घाबरून म्हणालं.

"आमच्या सभेत आहे," लुटिशा म्हणाली. "बाजूनं कोण?"

एकेक करत हात वर झाले. दारातून गोळी सुटली, ट्रकची काच फुटली. दोनतीन हात खाली आले. बाकीचे तसेच राहिले.

हॉलिसनं एक डोळा उघडला. "झालं का पास?"

"झालं, ब्रदर."

"विरोध?"

"कोणाचा नाही."

"मग जिल्ह्याच्या सभेसाठी कोट धुवायला हवा," तो म्हणाला आणि डोळा मिटला.

जवळच्या इस्पितळानं दारातूनच परत पाठवलं. काळ्यांना घेणारं इस्पितळ फार लांब होतं. फुटक्या काचेतून वारा तोंडावर आपटत होता. ओडेल गाडी हाणत राहिला, लुटिशा हॉलिसशी बोलत राहिली. एका पुलाच्या अलीकडे तिचं बोलणं थांबलं. ओडेलनं वळून पाहिलं नाही, वेगही कमी केला नाही.

इस्पितळात नर्सनं हॉलिसच्या चेहऱ्यावर चादर ओढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "काय काम करायचे हे?"

"न्हावी होता," ओडेल म्हणाला.

लुटिशानं नकारार्थी मान हलवली. जबडा एवढा सुजला होता की ओठ उघडत नव्हते. तिनं भिंतीला हात टेकला.

"प्रतिनिधी."

"काय?" नर्सला शब्द कळला नाही.

लुटिशानं तोंडातलं रक्त गिळलं आणि पुन्हा सांगितलं.