झाकण कुणी काढलं

मी एक जुनी डेग आहे, मित्रांनो. जर्मनची, म्हणजे तुमच्या पुस्तकाच्या भाषेत ॲल्युमिनियमची. एके काळी माझ्या पोटात दीडशे लेकरांची खिचडी एका दमात शिजायची. आता माझ्या बुडाला करंगळी जाईल एवढं भोक आहे. ते जाळानं पडलेलं नाही. एका बाईनं मला घासून घासून ते पाडलं. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला माझी सांगता येत नाही.

औरंगपुऱ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी नवी कोरी उभी होते. शाळेच्या पुंडलिक सरांनी मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, दुकानदारानं कडेवर शाळेचं नाव कोरलं आणि रिक्षाच्या टपावर मला पालथी बांधून करमाडकडच्या एका वस्तीवर आणलं. वस्तीचं नाव सांगत नाही. घरातलं भांड्यानं बाहेर बोलू नये, असं मला अजूनही वाटतं. पण आज नाइलाज आहे.

शाळेच्या पत्र्याच्या स्वयंपाकखोलीत दोघी असत. दीपमाला मुख्य स्वयंपाकीण, तिशीच्या आतली. मनकर्णाबाई मदतनीस, तिच्याहून चांगल्या वीस वर्षांनी थोरल्या. दीपमाला त्यांना आक्का म्हणायची. थोरलीनं लसूण सोलायचा आणि धाकटीनं फोडणी द्यायची, असा मामला. दीपमालाच्या हाताला चव होती. लेकरं ताटं चाटून ठेवत. मनकर्णाबाईंच्या हाताला ती नव्हती, पण जिभेला धार होती आणि डोक्यात पुष्कळ काही होतं.

दुपारी दीपमाला घरी गेली, की मला घासायच्या निमित्तानं मनकर्णाबाई माझ्यात डोकं घालत आणि भाषण करत. रिकाम्या डेगेत आवाज घुमतो, भारदस्त होतो. 'उपस्थित मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो,' असं त्या सुरू करत आणि स्वतःच मान डोलावत. आधी मुख्य स्वयंपाकीण, मग बचत गटाची अध्यक्ष, मग ग्रामपंचायतीत मेंबर, असा त्यांचा जिना मनात बांधून तयार होता. खरं सांगू? मला ते भाषण आवडायचं. जन्मभर 'अगं ए' एवढीच हाक ऐकलेल्या बाईला आपल्या नावापुढं काहीतरी लागावंसं वाटलं, यात वाईट काय? अडचण एवढीच, की जिन्याच्या पहिल्या पायरीवर दीपमाला उभी होती.

शाळेत एक नियम असतो. लेकरांच्या ताटात अन्न पडायच्या आधी मोठ्या माणसानं ते चाखायचं आणि वहीत सही करायची. आधी स्वयंपाकीण चाखते, मग सर. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सर मीटिंगला शहरात गेले होते.

दीपमालानं खिचडी दमाला लावली. माझ्यावर झाकण ठेवलं, झाकणावर वीट ठेवली आणि ती टाकीत पाणी किती उरलं ते बघायला मागं गेली. मनकर्णाबाईंनी वीट उतरवली. झाकण काढलं. कनवटीची पुडी सोडली. पुडीत जमालगोट्याची पूड होती. लेकरांची पोटं दिवसभर वाहावीत, दीपमालाच्या नावानं बोंब व्हावी आणि तिला काढावं, एवढाच त्यांचा हिशोब. कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. मी आतून रटरटत होते, पण ते तर मी रोजच करायची.

दीपमाला परत आली. आता जे सांगते ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, मनकर्णाबाईंनाही नाही. दीपमालाला चौथा महिना होता. आधी दोनदा पोटातलं गेलं होतं. म्हणून या खेपेला पाचवा लागेपर्यंत नवऱ्याशिवाय कुणालाच सांगायचं नाही, नजर लागते, असं तिनं ठरवलं होतं. पोट पदराखाली झाकलं जात होतं, भूक झाकली जात नव्हती. चमचाभर चाखायचं, तर तिनं उभ्या उभ्या वाटीभर खाल्लं. खाऊन तोंड जरा वाकडं केलं.

"आक्का, आज लई तिखट झालं का गं?"

आक्का भिंतीकडं तोंड करून ताटं पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

मग लेकरं ओळीनं बसली. पहिलीतली सगळ्यात पुढं, ताटात बोटं वाजवत. मनकर्णाबाईंनी पळी घेतली आणि त्या ओळीकडं पाहिलं. हात थांबला. पळी खाली पडली. दोन्ही हातांनी त्यांनी मला जोरानं ढकललं. मी चुलीवरून घरंगळले, आणि वाफाळती खिचडी त्यांच्या पायांवर, फरशीवर, सगळीकडं झाली.

"पाल पडलीय यात," त्या म्हणाल्या. "कुणी खाऊ नका."

मित्रांनो, त्या घटकेला त्यांनी तुमच्यासारख्या दीडशे लेकरांना खरोखर वाचवलं. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम सांगते. पण एक वाटी आधीच रिकामी झाली होती.

दिवस मावळायच्या आत दीपमालाला शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागलं. पोटातलं गेलं. सांडलेल्या खिचडीत पाल कुणाला सापडली नाही, कारण ती कुणी शोधलीच नाही. गाव म्हणालं, पालीचं विष. बाई झाकण उघडं टाकून हिंडत होती, तिच्या निष्काळजीपणाची फळं तिलाच मिळाली. तसा कागद झाला आणि दीपमालाचं काम गेलं. ती भांडली नाही. भांडायला आधी स्वतःची खातरी लागते. झाकण लावलं होतं की नव्हतं, हे तिलाच आठवेना. पोटातल्या लेकराला आपणच खाल्लं, असं ती धरून बसली. सासू येता-जाता तेच म्हणायची, हे मला लेकरांच्या बोलण्यातून कळलं.

पंधरा ऑगस्टला शाळा समितीचे अध्यक्ष नानासाहेब यांच्या हस्ते मनकर्णाबाईंचा सत्कार झाला. शाल, नारळ, गळ्यात हार, पायाला पांढरी पट्टी, फोटो. बोलायला उभ्या केल्या, तर इतकी वर्षं माझ्यात घोटलेल्या भाषणातला एक शब्द बाहेर पडेना. लोकांनी त्याला विनय म्हटलं आणि टाळ्या जास्तच वाजवल्या.

त्यानंतर तो जिना जसा काही आपोआप वर सरकू लागला. त्या मुख्य स्वयंपाकीण झाल्या. दुसऱ्या वर्षी बचत गटाच्या अध्यक्ष. तिसऱ्या वर्षी मेंबर, तेही बिनविरोध. पोरं वाचवणाऱ्या बाईसमोर उभं कोण राहणार? मेंबर झाल्यावरही त्यांनी चुलीचं काम सोडलं नाही. लोक म्हणाले, बघा, पाय जमिनीवर आहेत. मी जवळून पाहत होते. ते पाय जमिनीवर होते, पण थरथरत होते.

आधी झाकणावर एकाच्या जागी दोन विटा आल्या. मग चार. मग त्या दर पाच मिनिटांनी विटा उतरवून आत बघायला लागल्या, पाल शोधायला. जी कधी नव्हतीच, ती त्यांना दिसायला लागली. लेकरांना वाढायच्या आधी स्वतः ताटभर खायचं आणि तास-दीड तास घड्याळाकडं बघत बसायचं, पोटात काही होतं का म्हणून. खिचडी गार व्हायची, लेकरं पेंगायची. आणि दुपारी मला घासायचं. आधी राखेनं, मग विटकरीनं, मग नुसत्या काथ्यानं, नखांतून रक्त येईतो. भाषण कधीच बंद झालं होतं. आता त्या माझ्यात डोकं घालून एकच बोलत, आणि ते माझ्या पोटात घुमून त्यांनाच परत ऐकू जाई: "मी काढलं. मी काढलं."

घासून घासून मी कागदासारखी पातळ झाले. माझं दुखणं सांगत नाही. पण एका माणसाच्या मनाचं काय चाललंय ते त्याच्या भांड्यावर दिसतं, आणि भांडं रोज समोर असूनही कुणी पाहत नाही, याचं मला नवल वाटतं.

गेल्या माघात एका दुपारी लेकरं ताटं घेऊन बसलेली असताना त्यांनी चांगली शिजलेली खिचडी सगळी ओतून दिली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"पाल नव्हती. जमालगोटा व्हता. मी कालवला."

सर धावत आले. मनकर्णाबाईंना भोवळ आलीय, असं म्हणून त्यांनी पाणी पाजलं. नानासाहेब मोटारसायकलवरून आले. ज्या बाईच्या सत्काराचा फोटो आपल्या बैठकीत लावलाय, तिचं असलं बोलणं त्यांना परवडणारं नव्हतं.

"पाय भाजून घेऊन जिनं पोरं वाचवली, ती असं करंल व्हय? बाहेरचं लागलंय काहीतरी," ते म्हणाले.

तेच गावाला पटलं. खरं बोलायला त्या तीन वर्षांनी आल्या, तोवर त्यांच्या चांगुलपणावर सगळ्यांच्या सह्या होऊन गेल्या होत्या. त्यांच्या मुलानं त्यांना शहरात डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. काही दिवस ठीक, काही दिवस नाही.

चूल बंद राहून चालत नाही. दुसरं कुणी मिळेना, तेव्हा सर स्वतः दीपमालाच्या घरी गेले आणि तिला परत घेऊन आले. ती आली, माझ्या बुडावरून हात फिरवला आणि चूल पेटवली. आणि रोज दुपारी मनकर्णाबाई यायच्या, उंबऱ्याजवळ बसायच्या. दीपमाला त्यांना हाकलायची नाही, त्यांच्याशी बोलायचीही नाही.

एका दिवशी मनकर्णाबाईंचे डोळे स्वच्छ होते.

"दीपे, झाकण तू लावलेलं व्हतं. वीटबी व्हती वर. मी काढली."

दीपमालाच्या हातातला कांदा तसाच राहिला.

"परत म्हण, आक्का."

"लावलेलं व्हतं."

तीन वर्षं उराशी धरलेलं ओझं कुणीतरी उचलावं, तशी दीपमालाची पाठ हलली. मग ती उठली, मनकर्णाबाईंचा हात धरला आणि समोरच्या सरांच्या खोलीकडं निघाली. मध्ये मैदान आहे, पन्नास पावलं असतील. दारात पोहोचेपर्यंत मनकर्णाबाईंचे डोळे गढूळ झाले होते.

"पाल व्हती," त्या सरांना म्हणाल्या. "लई मोठी. मी पाह्यली."

सरांनी कीव येऊन मान हलवली. दीपमालाताई, जाऊ द्या, त्यांचं मनावर घेऊ नका, म्हणाले.

दीपमाला त्यांना हाताला धरून परत घेऊन आली. उंबऱ्याशी बसवलं, पदर नीट केला.

"तू येडी होऊन सुटलीस, आक्का," ती हळूच म्हणाली. "मला शाणंच ऱ्हावं लागलं."

आणि ती कांदा चिरायला बसली.

महिन्याभरात माझ्या बुडाला भोक पडलं आणि शाळेत नवी डेग आली. मी आता मागच्या खोलीत खराट्यांशेजारी असते. मनकर्णाबाई अजून येतात. ते स्वच्छ डोळे पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, माझं भोक डाग देऊन बुजवा, मला चकचकीत करा, असं मी म्हणत नाही; माझं घासणं पुरेसं झालंय. माझं मागणं वेगळं आहे. काही बिघडलं, की जो सगळ्यात गप्प बसतो त्याच्या पदरात चूक टाकून मोकळे होऊ नका. आणि कुणी स्वतःच्या पायांनी आपली चूक सांगायला आलं, तर त्याच्या गळ्यातला हार बघत बसू नका. त्याचं ऐका, आणि तो बोलू शकतो तोवर ऐका.

शाळेच्या कागदांत दीपमाला अजून निष्काळजीच आहे. तुमच्यापैकी कुणी कधी त्या वस्तीवर गेलं, आणि तिथं कुणी तो विषय काढलाच, तर घाबरू नका. एवढंच सांगा, की झाकण लावलेलं होतं.