मामाचा सहा टक्क्यांचा बुश

मामा एकदा हट्टाला पेटला की त्याला समजवायला जाणारा वेडा ठरतो. मी रोज ठरते.

आमच्या कारखान्यात नकली पायांच्या गुडघ्यासाठी नायलॉनचे बुश बनतात. बुश म्हणजे छोटी कडी. तिच्यात गुडघ्याचा दांडा फिरतो. नायलॉनमध्ये नॅनो, म्हणजे अतिबारीक, पावडर मिसळली की कडी कमी झिजते. हे मामाला मीच सांगितलं. पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही.

"दोन टक्क्यांनी एवढा फायदा, तर सहा टक्के घाल!"

घातले. घासण्याच्या मशीनवर सहा टक्केवाला सगळ्यांत कमी झिजला. मामा हवेत. मग दोन टक्केवाल्याने सोसलेला चाचणीचा हातोडा मी याच बुशवर सोडला आणि खाडकन दोन तुकडे! तुटल्या जागी पावडरीच्या पांढऱ्या गुठळ्या होत्या, नीट न कालवलेल्या पिठासारख्या. तडा तिथूनच गेला होता.

"गुडघ्यावर हातोडा कोण मारतंय?" मामा म्हणाला. "चाचणीच्या अहवालात फक्त झिजेचा आकडा छाप आणि सही कर."

"जिन्यावर पाय चुकला की गुडघ्याला असाच दणका बसतो. नाही करणार."

"कारखाना माझा आहे."

"सही माझी आहे."

"मग उद्यापासून येऊ नकोस!"

या कामावर माझा जीव आहे. पण पेनाला मी हात लावला नाही.

पॅकिंगच्या टेबलाशी आई सगळं ऐकत होती. ती मामाची धाकटी बहीण. तिचा डावा पाय नकली, आमच्याच बुशवर चालतो. ती टक टक करत आली, खुर्चीत बसली आणि तो पाय मामासमोर ठेवला.

"दादा, माझा बुश झिजलाय. तुझा सहा टक्केवाला बसव. तुझ्याच हाताने."

मामाने बुश उचलला, पाना उचलला, उगाच हसला.

"बसव ना. मला जिना उतरून घरी जायचंय."

पाना हातातच राहिला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन टक्केवाला दे."

"फक्त आईला?" मी विचारलं. "की सगळ्यांना?"

मी सहा टक्केवाल्यांचं खोकं त्याच्यापुढे ओढलं, एक बुश हातोड्याखाली ठेवला आणि बाजूला झाले.

पहिला मामाने फोडला. बाकीचे मी.